बैलाच्या तोंडात हात घालण्याआधी

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



'भीक नको पण कुत्रं आवर' ही म्हण आपण सगळेच वापरतो. त्यातले 'भीक नको' आपण पुष्कळ सभांमधून मोठ्या आवाजात सांगून झालो आहोत. आज म्हणीच्या उरलेल्या अर्ध्या भागावर बोलायचे आहे. कापसाच्या बैठकीत हे कुत्र्याचे काय काढले, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. जरा दम धरा. विषय बैलापासूनच सुरू होतो.

आमच्या गावातली गोष्ट आहे. पोळा होऊन महिना झाला होता. आमच्यातल्या एकाच्या जोडीतला डावा बैल चारा खाईना. पाण्याजवळ नेला तर तोंड लावायचा, पण पाणी आत जाईना. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि सारखा हंबरत होता, आवाज घोगरा झालेला. लाळ गळते म्हणजे लाळ्या-खुरकूत असेल म्हणून आम्ही खूर पाहिले, खूर चांगले होते. मग साऱ्यांनी एकच निदान केले : घशात काहीतरी अडकले. कडब्याचे धांडे असेल, नाहीतर लग्नातली प्लास्टिकची पिशवी. दोघांनी शिंगे धरली, एकाने जीभ ओढली आणि घरच्या म्हाताऱ्या बापाने कोपरापर्यंत हात बैलाच्या घशात घातला. तेवढ्यात ढोराच्या दवाखान्यातले डॉक्टर गोठ्यात आले. आम्ही त्यांना नेहमी शांत पाहिलेले. ते दारातूनच ओरडले, ''बाबा, हात काढा पहिले!''

हात निघाला तो दातांनी खरचटलेला. डॉक्टरांनी बैलाकडे पाहिलेच नाही. आधी बाबांना हौदापाशी नेले, कपडे धुवायचा साबण घेतला आणि पाण्याची धार सोडून पंधरा मिनिटे घड्याळ लावून हात धुतला. शिंगे धरणाऱ्यांचेही हात धुतले. मग विचारले, ''मांगच्या दोन-तीन महिन्यांत याले कुत्रं चावलं होतं का?'' घरात कोणालाच आठवेना. शेवटी सालदाराला आठवले. डवरणीच्या दिवसांत धुऱ्यावर बैल चरत असताना एक परके कुत्रे त्याच्या नाकाला झोंबले होते. थोडे रक्त आले, हळद लावली, विषय संपला.

बैल पाचव्या दिवशी गेला. आधी मागचे पाय गेले, मग तो पडला. पिसाळलेले जनावर दिसायला लागले की त्याला औषध नाही आणि माणसालाही नाही, हे डॉक्टरांनी तिथेच स्पष्ट सांगितले. मेलेल्या बैलाची कातडी कोणाला सोलू दिली नाही, खोल खड्डा करून पुरला. घरातल्या पाच जणांना लस घ्यावी लागली. ऐन वेचणीच्या दिवसांत चार-चार खेपा, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. बाबा वाचले. बैल गेला, आणि एकट्या बैलाने बंडी चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

हे सविस्तर सांगितले, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी बैलाच्या नाहीतर गायीच्या तोंडात हात घातलेला आहे. रेबीज झालेले जनावर घशात काही अडकल्यासारखेच वागते. घशाचे स्नायू लुळे पडतात, त्याला गिळता येत नाही. गाय कधी माजावर आल्यासारखी करते, दुसऱ्या जनावरावर चढते, सारखी कुंथते, आणि आपण त्याचा वेगळाच अर्थ लावतो. या रोगाचे विषाणू लाळेत असतात. आपल्या हाताला कापसाच्या बोंडाने, तुरीच्या खुंटाने ओरखडे पडलेले असतातच, तेवढी वाट त्यांना पुरते. ते रक्तातून नाही, नसांतून मेंदूकडे सरकतात. म्हणून पायाला चावा असला तर वेळ जास्त लागतो आणि तोंडाला, मानेला, हाताला असला तर कमी. बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी त्याहून फार कमी, कधी वर्षही लागते. तोवर चावा कोणाच्या लक्षात राहत नाही. दुधाचे घरोघरी विचारतात म्हणून सांगतो, उकळलेल्या दुधापासून भीती नाही. अशा गायीचे कच्चे दूध मात्र कोणी पिऊ नये, आणि तिची धार काढणाराच खरा धोक्यात असतो.

चावा बसला तर काय करायचे, हे डॉक्टरांनी आमच्याकडून पाठ करून घेतले. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. मिरची, चुना, बॅटरीतली काळी पूड, झाडपाला यांतले काही भरायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. कातडीत टोचायची असेल तर चावल्याच्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघाले असेल, किंवा खरचटलेल्या जागी लाळ लागली असेल, तर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन नावाचे आणखी एक औषध टोचावे लागते. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असतेच असे नाही. आपण होऊन विचारायचे, आणि नसेल तर त्याच दिवशी वर्धा-सेवाग्राम गाठायचे. 'पोटात चौदा इंजेक्शने' ही भीती अजून आमच्या म्हाताऱ्यांच्या मनातून गेलेली नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. आपल्या देशात ती २००४ अखेर बंद झाली. आता दंडावर बारीक सुई टोचतात, बस. बैलाला कुत्रे चावल्याचे त्याच वेळी कळले तर त्यालाही जखम धुऊन लसीचा कोर्स देता येतो : पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आमच्या सालदाराने डवरणीच्या वेळीच सांगितले असते तर बैल कदाचित आज असता. त्याला बोल लावत नाही, आम्हालाही ते माहीत नव्हते.

पण हा झाला आग लागल्यावर बादली घेऊन धावण्याचा प्रकार. बैल पुरून झाल्यावर डॉक्टर जे बोलले ते आम्हाला जास्त लागले. ''तुम्ही बैलांना पावसाळ्याआधी फऱ्या, घटसर्पाची लस टोचून घेता. दवंडी दिली की दावणीच्या दावणी उभ्या करता. मग पिसाळण्याची लस कुत्र्याला कोणी टोचायची? बैलाला हा रोग कुत्र्याकडून येतो, तुम्हालाही कुत्र्याकडूनच येतो. तुम्ही दर वेळी चावलेल्याला टोचता, चावणाऱ्याला टोचत नाही. असा हा रोग शंभर वर्षांत जाणार नाही.''

आम्ही म्हटले, साहेब, गावकुत्र्यांना मालक कुठे असतो? आणि धरायची कशी? त्यावर त्यांनी गोव्याची हकिगत सांगितली. ती आम्ही नंतर नीट समजून घेतली.

ल्यूक गॅम्बल नावाचे एक इंग्रज पशुवैद्य आहेत. त्यांनी २०१३ साली 'मिशन रेबीज' हे काम सुरू केले आणि गोवा सरकारला बरोबर घेऊन ते तिथे वाढवले. २०१४ साली गोव्यात दहाहून जास्त माणसे या रोगाने मेली होती. त्यांनी काय केले? माणसांच्या लसी चालूच ठेवल्या, पण खरा जोर कुत्र्यांवर दिला. पाळलेली कुत्री घरोघरी जाऊन धरली, मोकाट कुत्री जाळ्याने धरली. लस टोचली की अंगावर रंगाचा ठिपका, आणि सोडून दिले. मग त्याच गल्ल्यांतून दुसरा माणूस फिरून मोजायचा, ठिपक्याची किती आणि बिनठिपक्याची किती. दहापैकी सातांवर ठिपका नसेल तर गाडी परत त्याच भागात. कोणती वाडी झाली, कोणती राहिली, हे मोबाइलच्या नकाशावर दिसत असे, त्यामुळे 'झाले म्हणून झाले' असे कोणाला लिहिता येत नव्हते. आमच्या मते साऱ्या कामातली अक्कल या मोजणीत आहे. आपल्याकडे योजना येतात, लसी येतात, रजिस्टरही भरते, पण मागून फिरून मोजणारा माणूस येत नाही.

वर्षाला ९५ हजारांवर कुत्री टोचली, दहापैकी सात या प्रमाणात. वर्षाला दीड लाख पोरांना शाळेत जाऊन शिकवले. पिसाळलेल्या कुत्र्याची खबर द्यायला फोन ठेवला. फोन आला की पथक जाऊन कुत्रे ताब्यात घेई, तपासणी करी आणि आजूबाजूची कुत्री टोचून घेई. कुत्र्यांमधला रोग महिन्यावारी मोजला तर ९२ टक्क्यांनी उतरला. २०१८ साली गोव्यात या रोगाने एकही माणूस मेला नाही. जून २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राज्य 'रेबीज नियंत्रित' म्हणून जाहीर केले. रोग मुळापासून संपला असे कोणी म्हणत नाही. शेजारून पिसाळलेले कुत्रे कधीही येऊ शकते, म्हणून टोचणी दर वर्षी करावीच लागते.

गोवा म्हणजे पर्यटकांचा पैसा, आपले काय, असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५ लाख होती आणि आपल्या वर्धा जिल्ह्याची १३ लाख. म्हणजे आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत जेवढे आपण आहोत, साधारण तेवढ्या माणसांत हे घडले. आपल्या जिल्ह्याची जमीन जास्त आणि गावे विखुरलेली आहेत हे खरे. पण आपल्या गावात कोणते कुत्रे कुठे बसते हे आपल्याला माहीत असते, ते गोव्याच्या पथकांना शोधत फिरावे लागत होते.

दहापैकी सातच का, दहा का नाहीत? हे आम्ही डॉक्टरांना खोदून विचारले. त्यांनी गवताचे उदाहरण दिले. उन्हाळ्यात धुऱ्यावरचे वाळलेले गवत पेटले तर आग धावत जाते. मधले मधले गवत कापून टाकले तर ती चार हात जाऊन विझते. सगळे कापावे लागत नाही. पिसाळलेले कुत्रे थोड्याच दिवसांत मरते. तेवढ्यात त्याला सरासरी एक-दोनच कुत्री लागण करायला सापडतात. ती टोचलेली असली की आग तिथे विझते. वर्षभरात काही टोचलेली कुत्री मरतात, नवी पिल्ले येतात, प्रमाण खाली घसरते. सातापासून सुरुवात केली तर वर्षाअखेर घसरूनही काम भागते. निम्म्यावर थांबलो तर नाही.

सरळ मारून का टाकू नयेत, हे इथे कोणीतरी विचारणारच. आमच्या गावातही पहिला प्रश्न तोच होता. एक तर ते बेकायदा आहे. २००१ चे नियम होते, आता २०२३ चे आहेत, आणि मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लस ही जबाबदारी त्यांत ग्रामपंचायतीसह स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या उपायाने रोग जात नाही. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर १९९७ साली बाहेरून आलेल्या कुत्र्यांबरोबर हा रोग शिरला. तिथे कुत्र्यांची सरसकट कत्तल केली, तरी रोग बेटभर पसरला. लोक आपली कुत्री लपवतात, दुसऱ्या गावी नेऊन सोडतात, आणि रिकाम्या जागी बाहेरची बिनलसीची कुत्री येऊन बसतात. उलट मेक्सिकोने वर्षानुवर्षे कुत्री टोचली, आणि कुत्र्यापासून माणसाला होणारा रेबीज संपवलेला पहिला देश म्हणून २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

या वादात एक आठवण सांगण्यासारखी आहे. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आपल्या आवारातली साठ कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्याची बाजू समजून घेतली, म्हणून देशभर गदारोळ झाला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्यावर लेखमाला लिहिली. त्यांचा रोख असा होता की रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा फेकणे ही दया नव्हे. कुत्र्याला धनी नसणे हा समाजाचा दोष आहे. पुढे दहा वर्षांनी ते आपल्याच शेगावला, म्हणजे सेवाग्रामला, येऊन राहिले. मारण्याबाबत त्यांच्याशी आमचे जमत नाही, आज हाताशी असलेला उपाय तेव्हा गावोगाव नव्हता. पण धनी कोण, हा त्यांचा प्रश्न आमच्या गावात अजून जसाच्या तसा उभा होता.

आणखी एक गोष्ट, आपल्या गोठ्यातलीच. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की पूर्वी गिधाडे तासा-दोन तासांत हाडे मोकळी करायची. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. कारण पुढे कळले. दुखऱ्या बैलाला तेव्हा टोचत असू ते डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाऊन त्याचे मूत्रपिंड निकामी करत होते. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झाले, तोवर गिधाडे जवळपास संपली होती. ते मांस मग कुत्र्यांना उरले. अभ्यासकांच्या हिशेबाने १९९२ ते २००६ या काळात देशातली कुत्री त्यामुळे ५५ लाखांनी वाढली. कुत्री वाढली म्हणून आपण नगरपालिकेला शिव्या देतो, पण मेलेले ढोर न पुरता नाल्यात ढकलणारे आपणच आहोत.

आता सरकारी आकड्यांबद्दल. २०२४ साली देशात कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांवर नोंदी झाल्या आणि संशयित रेबीजचे मृत्यू ५४, असे संसदेत सांगितले गेले. २०२२-२३ मध्ये देशभर घरोघरी जाऊन झालेल्या पाहणीवरून अंदाज निघाला तो वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा. कागदावर ५४ आणि घराघरांत ५,७००! बैलांची, गायींची गणती तर त्या उत्तरांत आम्हाला कुठे दिसली नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला केंद्राने या रोगाच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० हे वर्ष ठरवले. आराखडा चांगला आहे. आमच्या गावात तो अजून पोचलेला नाही.

म्हणून आम्हीच सुरुवात केली. बाजारभावाने लस मोजली तेव्हा कळले, गेलेल्या एका बैलाच्या किमतीत साऱ्या गावच्या कुत्र्यांची लस येऊन पैसे उरतात. पंचायतीने थोडे दिले, थोडी वर्गणी झाली. डॉक्टरांची पहिली अट होती : जो कुत्रे धरणार त्याने आधी स्वतः लस घ्यायची. आमच्यातल्या सहा जणांनी घेतली. दुसरी अट, लस थंडच राहिली पाहिजे. बर्फाच्या पेटीशिवाय बाटली गोठ्यात आणायची नाही.

यादी पुरुषांनी केली ती निकामी ठरली. 'पंधरा-वीस असतील' असे लिहून मोकळे झालो. बायांनी केली तेव्हा त्याच्या तिप्पट निघाली. कोणते कोणाच्या ओट्यावर निजते, कोणाच्या हातची भाकर खाते, कोणती कुत्री नाल्याकाठी व्यालेली आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. धनी नसलेली कुत्री त्या यादीत फार थोडी राहिली, बहुतेकांना भाकर देणारा एक तरी हात होता. जागलीवर नेलेली कुत्री दिवसा गावात सापडत नाहीत. रानडुकरांपायी आमची निम्मी कुत्री रात्री शेतात असतात. त्यांना सकाळी मळ्यावरच गाठले. बाकीच्यांना दिवेलागणीला, ज्याच्या हातची भाकर खातात त्याच्याच हाती धरून. हाती न येणाऱ्यांसाठी ढिवर मंडळींकडून जुने जाळे घेतले आणि त्याला बांबूची कडी बसवली.

पहिल्या वर्षी आम्ही नापास झालो. मागून शाळेच्या पोरांनी ठिपके मोजले तर दहातले पाचसुद्धा भरले नाहीत. आम्ही एकाच दिवसात उरकायला गेलो होतो आणि दुपारी सगळी कुत्री ओढ्यात जाऊन बसली. शिवाय दोन घरांनी 'लस टोचली की कुत्रं राखण करत नाही' म्हणून कुत्री कोंडून ठेवली. दुसऱ्या वर्षी तीन संध्याकाळी राखल्या. त्या दोन घरांत म्हाताऱ्या बाबांना पाठवले. त्यांनी नुसता हात दाखवला, कुत्री बाहेर आली. या वेळी मोजणी सातावर गेली. नसबंदीही व्हायला पाहिजे, पण तिला शस्त्रक्रियेची खोली लागते, डॉक्टर लागतात, नंतर कुत्र्याला काही दिवस ठेवायची सोय लागते. तिची वाट पाहत लस अडवून ठेवू नये असे डॉक्टरांचे मत आहे, आणि आम्हाला ते पटले आहे.

पण आमचे एकट्याचे गाव टोचून काय होणार? आमच्या बैलाला चावलेले कुत्रे परके होते. ते शेजारच्या शिवारातून आले की हिंगणघाटच्या रस्त्याने, कोणास ठाऊक. म्हणून हा विषय या बैठकीत आणला. प्रत्येक गावाने पोळ्याच्या आत बायांकडून यादी करून घ्यावी, आपल्या ढोराच्या दवाखान्यात ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. शेजारची पाच-सहा गावे मिळून एकाच आठवड्यात टोचणी धरावी, म्हणजे कुत्र्यांना एका गावातून दुसऱ्या गावात पळायला जागा राहणार नाही. ठिपके मोजायला एका गावाची पोरे दुसऱ्या गावात पाठवावीत, आपल्या गावची पोरे आपल्याला जास्त मार्क देतात.

जाळे आमच्याकडे आहे. ज्या गावाला पाहिजे त्याने न्यावे. परत करताना धुऊन, वाळवून करावे. आणि बांबूची कडी ढिली झाली आहे, ती आधी आवळून घ्यावी.